पैऱ्याची गाडी

पोपट, घे, मीच आधी बोलतोय. जिंकलास. दिवाळीपासून धरलेला अबोला मी मोडला, आणि मोडला तोही तू ऐकायला नसताना. तुझ्यासारखा हट्टी माणूस पणदऱ्यात दुसरा नाही, असं मी तुझ्या तोंडावर चारचौघांत म्हणायचो. आता तुझ्या माघारी म्हणताना जीभ अडखळते, पण म्हणतोच. हट्टी होतास. आणि मी तरी काय कमी होतो?

परवा तुझा दहावा झाला. नदीवर सगळी भावकी जमली होती. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोरच्या करंजावर कावळे होते, पण एकही खाली येईना. तुझ्या मेव्हण्यानं हात जोडून सांगितलं, की पोरीचं बाळंतपण मी करतो. चुलत्यानं सांगितलं, विहिरीच्या पाण्यावरनं भांडणार न्हाय. कावळे ढिम्म. मग वहिनी माझ्याकडं वळल्या. "भावजी, तुमी बोला की. तुमच्यासंगंच बोलायचं राहिलंय त्यांचं." झालं, सगळी नदी माझ्याकडं बघायला लागली.

तुला ठाऊक आहे, आमच्यात पिंडदान नाही. दीक्षेच्या वेळच्या प्रतिज्ञांतच ते सोडलंय. कांबळे गुरुजी कावळ्याशी बोलणार नाहीत, हे तुझ्या भावकीलाही माहीत होतं. पण खरं सांगू? प्रतिज्ञा मला नंतर आठवली. आधी दिवाळीचं भांडण आठवलं. तोंड उघडायचं म्हटलं तर उघडेना. तेवढ्यात एक कावळा आला आणि पिंड उचलून गेला. मागनं कुणीतरी म्हणालं, "सुटला पोपट." मी मनात म्हटलं, कसला सुटतोय. कावळ्याला भूक लागली असंल. तिथं बोललो नाही ते आता कागदावर बोलतोय, गप ऐक.

आपल्या बापांचा पैरा होता. ज्याच्याकडं एकच बैल, त्यानं दुसऱ्या एकबैल्याशी जोड जमवायची. आज तुझं रान, उद्या माझं. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतल्यावर गावकीची कामं सोडली, तुमच्या बांधालगतचं तुकडाभर रान कसायला घेतलं आणि कुठनं तरी एक पांढरा बैल आणला. एका बैलानं नांगर चालत नाही. आणि त्यांच्याशी पैरा करायला तर कुणी तयार होईना. एक दिवस तुझे वडील, आबा, आपला तांबडा सोडून घेऊन बांधावर आले आणि म्हणाले, "चालतंय का बघू दोघांचं." बास. त्यावर कधी भाषण झालं नाही की आभार झाले नाहीत. डावा पांढरा, उजवा तांबडा, असं पुढं कैक वर्षं चाललं. आपण दोघं त्याच नांगरामागनं ढेकळं फोडत मोठे झालो.

म्हणून किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या साली तू म्हणालास, "गौत्या, फटफटी पैऱ्यानं घिऊ," तेव्हा मला त्यात काही नवल वाटलं नाही. तुला सकाळ-संध्याकाळ डेअरीला दुधाच्या किटल्या न्यायच्या होत्या. मला कोऱ्हाळ्याला शाळेत जायचं होतं आणि एसटीचा काही नेम नव्हता. पूर्ण गाडी घ्यायची ऐपत ना तुझी, ना माझी. इंदापूरच्या एका हॉटेलवाल्याची जुनी गाडी आपण अर्धी-अर्धी घेतली. येताना तू पुढं, मी मागं. शेळगावच्या पुढं एका खड्ड्यात ती अशी बसली की टायर मडगार्डला घासलं आणि जळक्या रबराचा वास सुटला. माझी कंबर गेली. तू मागं न बघता म्हणालास, "नव्या माणसाला बुजलीया जरा." जसं काय खोंडच घेतलं होतं!

सकाळी दूध घालून येईपर्यंत गाडी तुझी, मग शाळा सुटून येईपर्यंत माझी, संध्याकाळी परत तुझी. बांधावरच्या लिंबाला तू एक खुंटी ठोकलीस, किल्लीसाठी. पण आधी ती खुंटी कधी लागलीच नाही. तू किल्ली हातात द्यायचास आणि म्हणायचास, "घे रं गौत्या तुजी अर्धी." संध्याकाळी मी म्हणायचो, "घे रं तुझी अर्धी." त्याच्या मागनं मग गावातल्या चार गोष्टी, दोन शिव्या आणि एक तंबाखूची चिमूट.

गाडीचं मूळ दुखणं मागचं होतं. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांचे, दणके झेलणारे शॉकअप तेल गाळून पार बसलेले. तुझ्या किटल्या लादल्या की टायर घासायचं, आणि माझ्या आईला बारामतीला डॉक्टरकडं न्यायचं म्हटलं की ती प्रत्येक खड्ड्याला माझ्या नावानं ओरडायची. एसटी स्टँडच्या मागच्या मिस्त्रीनं गाडी दोनदा दाबून बघितली आणि सांगितलं, जोडी बदला. नव्या जोडीचा भाव ऐकून आपण दोघांनी एकदमच चहा मागवला.

तो चहा पिता पिता तुझ्या डोक्यातनं ती अक्कल निघाली. "पैऱ्याची गाडी हाय न्हवं? मग एक तू आण, एक मी आणतो. डावा तुजा, उजवा माजा." आणि मी, डी.एड. झालेला माणूस, म्हणालो, "बराबर हाय." मला खरंच बराबर वाटलं होतं, पोपट. बैल कुठं एका आईचे असतात? पांढरा आणि तांबडा चाललेच की इतकी वर्षं.

मी आईच्या कमरेचा विचार करून बारामतीच्या भंगारातनं एक मऊ शॉकअप शोधला, त्याचं सील बदलून घेतलं. तू किटल्यांचा विचार करून इंदापुरातनं कुठल्या तरी थोरल्या गाडीचा आणलास, मनगटाएवढ्या जाड स्प्रिंगचा. मिस्त्रीनं एक या हातात घेतला, एक त्या हातात घेतला आणि आपल्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. "दोघंबी शुद्धीत हायसा न्हवं?" बसवले त्यानं, पण पैसे घेताना म्हणाला, "कुणी इचारलं तर माजं नाव सांगू नका."

तिथनं पुढं गाडी कायमची डावीकडं कलली. माझी बाजू दबायची, तुझी ताठ उभी. सरळ जायचं तर उजवीकडं झुकून बसावं लागायचं. गावात म्हणायला लागले, लांबनं एक माणूस कलंडत येतोय म्हणजे पैऱ्याची गाडी आली. पुढं पुढं तू पायी चालतानाही तुझा उजवा खांदा खाली असायचा. माझाही असतो, बायको सांगते.

दोन्ही शॉकअपना खाली खाचांची एक फिरती रिंग होती. गजाचा तुकडा घालून रिंग फिरवली की स्प्रिंग खाच वर जाऊन कडक व्हायची, नाहीतर खाली येऊन मऊ. तुझी पार खाली आणली, किंवा माझी पार वर नेली, तरी गाडी पुष्कळ सरळ झाली असती. पण तू म्हणायचास, "तुजी वर घे," आणि मी म्हणायचो, "तुझी खाली घे." पैऱ्यात दुसऱ्याच्या बैलाला हात लावायचा नाही, ही आपल्या बापांची रीत. त्यामुळं तुझ्या रिंगेला मी गज लावला नाही आणि माझ्या रिंगेला तू. तुझी खाली घेतली तर किटल्या आपटून दूध नासतं म्हणायचास. मी शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक आणून दाखवलं, की हिंदकळून दूध नासत नाही. तर म्हणालास, "तुजं पुस्तक डेअरीत फॅट लावून देतंय का?" पुस्तक परत दप्तरात गेलं. आई एवढंच म्हणायची, "तुमी दोघं आदी सरळ व्हा. गाडी आपसूक व्हईल."

आणि मग गेली दिवाळी. माझ्या पगारातल्या फरकाचे पैसे आले होते. आईला बारामतीहून आणताना आपल्याच गावच्या वळणावर असा दणका बसला की ती दोन दिवस उठली नाही. मी तडक गेलो आणि नवी, एकसारखी जोडी घेऊन आलो. खोकं काखेत मारून तुझ्या गोठ्यात आलो तेव्हा तू धार काढत होतास. वाटलं होतं, खूश होशील.

"माज्या वाटणीचं किती झालं?" तू म्हैस न सोडता विचारलंस.

"राहू दे की."

"राहू दे म्हंजी?"

"म्हंजे राहू दे. मी आणलेत. बसवून टाकू."

तू बादली बाजूला ठेवलीस. "दोन्ही बैल तुजं झालं, मग पैरा कसला? मग मी तुजा गडी झालो की, गुरुजी."

गुरुजी! जन्मात पहिल्यांदा तू मला गुरुजी म्हणालास. शाळेत असल्यापासनं गौत्या, लग्नात बोहल्यावर गौत्या, आणि आता गुरुजी. माझं डोकं फिरलं. म्हणालो, माझ्या आईच्या कमरेपेक्षा तुझा ताठा मोठा आहे का? तू म्हणालास, नोकरीचा माज आलाय, आईला मी कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधनं गादी टाकून न्हेतो, तुझी जोडी नको. आणि मग माझ्या तोंडातनं निघून गेलं, "माझ्या बापाला एक बैल दिला म्हणून जन्मभर उपकार काढणार आहेस का?"

तू तो विषय काढलाच नव्हतास. त्या दिवशी नाही, कधीच नाही. तू माझ्याकडं बघितलंस, बादली घेऊन परत म्हशीखाली बसलास. धार बादलीच्या बाहेर जात होती. तेवढं मला दिसलं, आणि तरी मी खोकं उचलून घरी गेलो. त्या बादलीची आठवण आता जेवताना येते, शिकवताना येते.

माणसं अबोला धरतात तेव्हा वाटा बदलतात. आपल्याला तीही सोय नव्हती, गाडी एकच. मग ती खुंटी कामाला आली. तू दूध घालून यायचास, किल्ली खुंटीला अडकवून रानात जायचास. मी यायचो, किल्ली काढून शाळेत जायचो. संध्याकाळी उलटं. तू बांधाच्या त्या अंगाला असलास तर मी खाली बघायचो, मी असलो तर तू आभाळाकडं. बायको म्हणाली, "आवो, पोरं बरी तुमच्यापेक्षा."

संक्रांतीला वहिनींनी तिळगूळ पाठवला, माझ्या बायकोनं त्यांना. तू आला नाहीस, मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघालो तर गाडी निराळीच चालली. ना कल, ना दणका. मला वाटलं, रस्ता डांबरला की काय! शाळेत गेल्यावर वाकून बघितलं, तर तुझी रिंग पार शेवटच्या खाचेवर, खाली. दोन-चार दिवस मी रोज बघितलं. संध्याकाळी तू ती वर घेऊन दूध न्यायचास, सकाळी मला गाडी द्यायच्या आधी खाली करायचास. आपल्या बैलाची मान तू माझ्यासाठी रोज वाकवत होतास, आणि तो तुझा तिळगूळ होता, हे माझ्या डोक्यात शिरायला आठवडा गेला.

मग मीही गजाचा एक तुकडा दप्तरात ठेवला. संध्याकाळी गाडी लावायच्या आधी माझी रिंग वर घेतली, पार वरच्या खाचेला, आणि हात लांबवून तुझीही. पहिल्यांदा तुझ्या बाजूला गज लावला. कुणी बघतंय का म्हणून आजूबाजूला नजर टाकली, चोरासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही रिंगा खाली होत्या. म्हणजे तुझाही हात माझ्या बाजूला लागला होता.

बोलत होतो तेव्हा गाडी वाकडी, आणि तोंडं फिरवली तेव्हा सरळ! ही कुठली तऱ्हा, पोपट? त्या दिवसांत आईला मी दोनदा बारामतीला नेऊन आणलं. दुसऱ्या खेपेला ती मागनं म्हणाली, "बोलायला लागला जनू तुमी दोघं?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग ही गाडी आपसूक कशी सरळ झाली?" तेव्हाच वळवायला हवी होती गाडी तुझ्या गोठ्याकडं. पण मी म्हटलं, त्यानं आधी एक शब्द काढावा. एक 'गौत्या' म्हणावं, मी पुढचं सगळं बोलतो. इतकंच अडलं होतं.

त्या सकाळी मी बांधावर आलो तेव्हा तू लांब उसात दारं मोडत, एका सरीतलं पाणी दुसरीत वळवत होतास. पाटाला पाणी होतं. तू पाठमोरा, खोऱ्यावर भार देऊन उभा. मी किल्ली काढली, गाडीला किक मारली. हॉर्नवर बोट ठेवलं होतं बघ. एकदा दाबला असता तर तू वळला असतास. नाही दाबला.

प्रार्थना होऊन पहिला तास चालू होता, तेवढ्यात तुझा चुलता सायकलवर आला. त्यानं सांगितलं आणि मी तसाच खडू हातात घेऊन गाडीवर बसलो. अर्ध्या वाटेत मला कळलं की गाडी मऊ चाललीय, सरळ चाललीय, आणि मी रस्त्यातच रडायला लागलो. वहिनींनी नंतर सांगितलं, "उठल्यापास्नं छातीत दाटतंय म्हणत व्हते. म्हटलं आज दूध ऱ्हाऊ द्या. तर म्हणाले, गौत्याला गाडी द्यायची हाय."

म्हणजे छातीत दाटत असताना तू डेअरीला गेलास, आलास, आणि दोन्ही बाजूंना वाकलास. माझ्यासाठी. ते एक वाकणं तरी वाचवायचं होतंस रे. गाडी थोडी आपटली असती, माझं काय जात होतं?

वहिनी आणखी एक म्हणाल्या, ते तुला सांगतोच. मी विचारलं, मी संध्याकाळी रिंगा वर घेत होतो ते त्याला कळलं होतं का. त्या डोळे पुसता पुसता हसल्या. "कळत न्हवतं व्हय? रोज ईऊन सांगायचे, गौत्यानं आजबी खाच वर केलीया, पर तोंड काय उघडंना. उघडू दे की त्यानं आदी."

ऐकलंस? तू घरात मला गौत्याच म्हणत होतास. तो एक शब्द बांधापासून शंभर पावलांवर रोज निघत होता, आणि मी लिंबाखाली त्याची वाट बघत होतो.

दहावा झाल्यावर वहिनी म्हणाल्या, गाडी तुमीच ठेवा भावजी, आमच्यात कोन चालवणार. मी नाही म्हणालो. अर्धी तुमची आहे, ती तुमचीच राहील. म्हशी आहेत तोवर दूध डेअरीला जाईल, मी नेईन. नव्या जोडीचं खोकं माझ्या माळ्यावर आहे, तसंच बांधलेलं. ते बसवणार नाही. ती जोडी दोघांनी मिळून आणली असती तर बसवली असती. बापाच्या बैलाबद्दल जे बोललो, तेही परत घ्यायचं होतं. आता कुणाकडनं घेऊ? तुझ्या बापानं माझ्या बापावर उपकार केले नाहीत, जोडी जमवली, आणि तू तीच सांभाळत होतास. मला ते गोठ्यात कळायला हवं होतं.

आज पहाटे उठून तुझ्या किटल्या लादल्या. दोन्ही रिंगा वर होत्या, मीच काल ठेवलेल्या. डेअरीत मापाड्यानं तुझ्याच नावावर दूध लिहिलं. परत आलो, लिंबाखाली गाडी लावली. माझ्या बाजूला वाकून खाच खाली केली, मग तुझ्या बाजूला गेलो आणि तीही केली. कंबर दुखते रे वाकून, कधी बोलला नाहीस. किल्ली खुंटीला अडकवली. शाळेला उशीर होत होता, तरी उसाकडं तोंड करून उभा राहिलो. मग मोठ्यानं म्हणालो, "घे रं गौत्या तुजी अर्धी."

उसात पाणी चालू होतं, तुझा चुलता दारं मोडत होता, त्यानं वळून बघितलं. मी किल्ली काढली आणि दोन्ही अर्ध्या घेऊन शाळेला गेलो.